पुस्तकात नसलेला नियम

बसवनगुडी, बेंगळूर
१० जून १९९६

शिल्पा,

वर आशीर्वाद लिहावा की नाही हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. सहा वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि तेही काम निघालं म्हणून. तू तसं म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

धाकट्या रूपश्रीला सीईटीत बरा नंबर मिळाला. सरकारी फीची सीट थोडक्यात हुकली. जे. पी. नगरच्या पुढे एक नवं कॉलेज झालं आहे, तिथं इलेक्ट्रॉनिक्सची पेमेंट सीट मिळते आहे. फी एकतीस जुलैच्या आत भरायची. छापखाना बंद पडल्यापासून मी घरी बसून मुद्रितं तपासतो, त्यात चूल पेटते एवढंच. पहिल्या वर्षाची फी आमच्या वर्षाच्या कमाईहून जास्त आहे. बँकेचे मॅनेजर शिक्षणासाठी कर्ज द्यायला तयार आहेत, पण जामीन पगारदार माणसाचा हवा. माझ्या ओळखीतले पगारदार सगळे निवृत्त झाले. उरलीस तू.

समाजाच्या विद्यार्थी निधीचा रस्ता आपल्या घराला बंद आहे, ते तुला ठाऊकच आहे. मी अजून त्याचा सेक्रेटरी आहे. यंदा सतरावं वर्ष.

वेणुगोपालांशी तू लग्न केलंस, त्याबद्दल मी तेव्हा लोकांजवळ बोललो ते बोललो. त्याचा राग रूपावर काढू नकोस. तू गेलीस तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला यातलं काही माहीत नाही.

बँकेचा फॉर्म सोबत आहे. जिथं सह्या हव्यात तिथं पेन्सिलीनं फुल्या केल्या आहेत. तुला घरी यावं लागणार नाही. मॅनेजर ‘स्वल्प बेगा’ म्हणाले आहेत, तेव्हा जमलं तर लवकर पाठव.

श्रीधरराव

*

बसवनगुडी
२१ जून १९९६

शिल्पा,

तुझं कार्ड मिळालं. ‘रस्ता बंद आहे तो कोणत्या नियमानं? पान कळवा.’ एवढंच. वर नाव नाही, खाली सही नाही.

उघडं कार्ड पाठवायला नको होतंस. पोस्टमननं ते तुझ्या आईच्या हातात दिलं. तुंगाबाईला वाचायला वेळ लागतो, पण तुझं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं. ‘कसला नियम?’ म्हणाली. निधीच्या कामाचं आहे, असं सांगून मी कार्ड खिशात घातलं. दिवसभर ती माझ्या खिशाकडे बघत होती.

मंगळवारी मी बोम्मसंद्राला येऊन गेलो. पाळी सुटायच्या वेळी तुमच्या कंपनीच्या गेटाशी उभा होतो. तू दोन मुलींबरोबर हसत येत होतीस, अंगात कंपनीचा निळा कोट. मला पाहिलंस आणि हसायची थांबलीस. मग वळून आत गेलीस. मी वॉचमनकडे चिठ्ठी दिली. तो जाऊन आला आणि म्हणाला, ‘बरल्ल अंतारे, सार.’ येत नाही म्हणतात. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आता तुझा प्रश्न. निधीचं नियमांचं पुस्तक १९५८ सालचं आहे. सगळंच काही छापलेलं नसतं, काही गोष्टी प्रथेनं चालतात. ज्याच्या हातात वाढायची पळी आहे त्यानं आपल्या घरच्यांच्या पानात आधी वाढू नये, हे सांगायला पुस्तक कशाला लागतं? सतरा वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही, ते यामुळेच.

बँकेला कागद वीस जुलैपर्यंत पोचायला हवेत. त्यानंतर मंजुरीला दहा दिवस. रूपा रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहते. मला काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं, असं वाटतं.

श्रीधरराव

*

बसवनगुडी
२९ जून १९९६

शिल्पा,

फॉर्म परत आला. सह्या नाहीत, आणि माझ्या फुल्यासुद्धा तू रबरानं पुसल्या आहेस. सोबतची चिठ्ठी वाचली. ‘प्रथा नको. पान.’

पान नाही. असा नियम पुस्तकात नाही आणि कधी नव्हता.

हे लिहून मी उठलो, अंगणात दोन चकरा मारल्या आणि परत येऊन बसलो आहे. आता सगळंच लिहितो.

१९८९ च्या जुलैतली बैठक. त्या वर्षी तिघांना मदत द्यायची होती, अर्ज सात. गुणांप्रमाणे यादी मीच केली होती. तुझं नाव तिसरं, प्रवीणकुमारचं चौथं. अध्यक्ष रघुजी. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, ‘तिसरी आपल्या सेक्रेटरींची मुलगी. इंजिनिअरिंगला जाणारी समाजातली पहिली मुलगी. आनंदाची गोष्ट आहे.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, ‘पदाधिकाऱ्यांच्या मुलांना निधीतून घेता येत नाही, असा नियम आहे. शिल्पाश्रीचं नाव काढा.’

हे मी घरून ठरवून गेलो नव्हतो. तिथं बसल्या बसल्या सुचलं. मग भीमाचार्यांनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. प्रवीणकुमारचं नाव वर सरकलं. त्या वर्षीच्या मेळाव्यात मला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात माझं नाव तीनदा घेतलं गेलं. तू पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होतीस.

बैठकीहून घरी येऊन मी तुला नियमच सांगितला होता. तू म्हणालीस, ‘नियम असेल तर काय करणार, अण्णा.’ आणि दुसऱ्या आठवड्यात टायपिंगच्या क्लासला नाव घातलंस. ते मला फार सोयीचं झालं.

का केलं, असं तू विचारशील. त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी म्हणालं होतं की सेक्रेटरी आपल्या माणसांची वर्णी लावतो. ते मला लागलं होतं. हे एक कारण आहे, आणि खरं आहे. दुसरं हे की इंजिनिअर झालेल्या मुलीला आपल्यात स्थळ कुठून आणायचं, ही धास्ती होती. तेही खरं. पण उभा राहिलो तेव्हा मनात ही दोन्ही नव्हती. टाळ्या वाजतील हे मला आधीच कळलं होतं.

आता तरी सही कर. रूपाचा यात काय दोष?

श्रीधरराव

*

बसवनगुडी
५ जुलै १९९६

शिल्पा,

या वेळी पाकीट पाठवलंस, त्याबद्दल उपकार मानतो. तुझी अट वाचली: निधीच्या चौदा तारखेच्या बैठकीत मी हे सगळं उभं राहून सांगायचं, ते इतिवृत्तात लिहून घ्यायचं, आणि रूपाचा अर्ज गुणांवर ठेवायचा. तोवर तू बँकेच्या कागदावर सही करणार नाहीस.

तू कुठं बोट ठेवलं आहेस हे तुला कळतं आहे का? त्या खोलीत आता कोण बसतं माहीत आहे? प्रवीणकुमार. मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि गेल्या वर्षापासून निधीच्या समितीवर आहे. मला वाकून नमस्कार करतो. त्याच्यासमोर मी हे कसं बोलू?

आणि लोक काय समजतील? सात वर्षं हा माणूस गप्प बसला आणि धाकटीचा अर्ज आला तेव्हा याला कंठ फुटला. मोठीच्या वेळी नाव कमावलं, धाकटीच्या वेळी मदत उकळतो आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

दुसरं काहीही सांग. मी तुझ्याकडे येऊन तुझ्यासमोर, वेणुगोपालांसमोर बोलतो. लेखी देतो. हे पत्रच लेखी आहे. ते तू कोणालाही दाखव.

रूपानं काल शेजारच्या कृष्णाबाईंना विचारलं, त्यांच्या शाळेत शिकवायला माणूस लागतो का. पीयूसी, म्हणजे नुसती बारावी झालेल्या मुलीला काय देतात, तेही विचारलं. कृष्णाबाईंनी मला फाटकाशी थांबवून हे सांगितलं. त्यांनाही तुझी आठवण आली असणार, मला तर आलीच. पण नाव कोणी काढलं नाही.

श्रीधरराव

*

बसवनगुडी
१५ जुलै १९९६

शिल्पा,

काल सांगितलं.

अकराला बैठक सुरू झाली. आठजण होते. विषयपत्रिकेवर माझा विषय शेवटचा ठेवला होता, पण त्याआधीच इतिवृत्तात मी एकच ओळ दोनदा लिहिली. म्हणून मी मधेच उभा राहिलो. १९८९ साली या खोलीत मी एक नियम सांगितला, तो पुस्तकात नाही, मला तेव्हाही ठाऊक होतं, शिल्पाश्रीचा हक्क मी काढून घेतला, असं म्हणालो. पाठ करून गेलो होतो त्यातलं निम्मंसुद्धा आठवलं नाही.

रघुजींना आता नीट ऐकू येत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, ‘श्रीधरराव, जुनी मढी आता कशाला उकरता?’

‘इतिवृत्तात घ्या,’ मी म्हटलं.

भीमाचार्य म्हणाले, ‘तेव्हा टाळ्या आम्ही वाजवल्या. मग आमचीही नावं लिहायची का?’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘पुस्तक माझ्याही घरी आहे,’ ते म्हणाले.

हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. त्या दिवशी खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, आणि कोणी तोंड उघडलं नाही. मुलीचाच तर प्रश्न होता.

प्रवीणकुमार इतका वेळ टेबलाकडे बघत होता. तो म्हणाला, ‘म्हणजे मला आलेल्या पत्रावर तिचं नाव असायला हवं होतं.’

‘हो.’

‘ती कुठं असते?’

मी सांगितलं. त्यानं पत्ता लिहून घेतला. तुला न विचारता दिला, त्याबद्दल रागावू नकोस.

मग मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला आणि रूपाचा अर्ज पुढे ठेवला. यादीत तिचं नाव दुसरं होतं. मला बाहेर बसायला सांगितलं. पाऊण तास मी व्हरांड्यात बसलो होतो. आत बोलावलं तेव्हा ठराव तयार होता. पदाधिकाऱ्यांच्या मुलांना निधीतून मदत नाही, पद सोडल्यानंतरही तीन वर्षं नाही. सातांपैकी एकट्या प्रवीणकुमारनं विरोध केला. नवा सेक्रेटरी नेमलेला नव्हता, म्हणून ठराव मलाच लिहायला लावला. जो नियम मी तोंडानं केला होता, तो काल माझ्याच अक्षरात पुस्तकात चढला.

घरी आल्यावर रूपाला आणि तुझ्या आईला एकत्र बसवून सांगितलं. तुंगाबाई तांदूळ निवडत होती. ‘शिल्पाला मिळत होतं?’ एवढंच म्हणाली आणि परत निवडायला लागली. तेच तेच तांदूळ. आज सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

रूपानं विचारलं, ‘मग अक्कानं काय वाईट केलं होतं?’ मी चष्मा काढून पुसत बसलो.

निधी गेला. मी उभा राहिलो नसतो तरी गेलाच असता, हे मला कळतं. तू सांगितलंस ते मी केलं. पण त्याच्या बदल्यात सही कर, असं आता म्हणवत नाही. कोरा फॉर्म पुन्हा पाठवतो आहे. फुल्या केलेल्या नाहीत. वीस तारखेला शनिवार आहे, बँक अर्धा दिवस. शुक्रवारी सकाळी दहाला मी आणि रूपा बँकेत असू. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर आम्ही परत येऊ.

श्रीधरराव

*

बोम्मसंद्रा
२४ जुलै १९९६

अण्णा,

मॅनेजरनं दहा दिवस न लावता चार दिवसांतच मंजुरी दिली आणि काल फी भरली, असं रूपानं फोनवर सांगितलं. शेजारच्या दुकानातून बोलत होती, मागे गिऱ्हाइकांचा गलका, त्यामुळे ओरडून सांगत होती. पावती तिच्याजवळच राहू दे.

शुक्रवारी बँकेत आपण तिघं एका बाकावर पाऊण तास बसलो. तुम्ही माझ्याशी तीन वाक्यं बोललात आणि तिन्ही फॉर्मबद्दल होती. मीही फॉर्मच वाचत बसले. जे लिहायला जमतं ते शेजारी बसून जमत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही म्हातारे झाला आहात. मॅनेजरनं ‘जामीनदाराचं अर्जदाराशी नातं?’ असं विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जणू मी काय सांगेन याची तुम्हाला खात्री नव्हती. रूपानं ‘अक्का’ म्हणून टाकलं, ते बरं झालं. मलाही खात्री नव्हती.

रविवारी प्रवीणकुमार आमच्याकडे आला होता. वेणुगोपालांनी त्याला कॉफी दिली, ती त्यानं गार होऊ दिली. रूपाची सगळी वर्षं मी बघतो म्हणाला. मी नको म्हटलं. ‘तुमची जागा मी घेतली,’ असं म्हणत होता. मी म्हटलं, ‘तुम्ही घेतली नाहीत, तुम्हाला दिली गेली. तुम्ही कशाला मान खाली घालता?’ तो गेल्यावर मात्र मी भांडी इतकी आपटली की वेणुगोपाल बाहेर जाऊन उभे राहिले. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही बैठकीत बोललात. मला वाटलं होतं की हे झालं की माझ्या आतलं काहीतरी संपेल. संपलं नाही. पण तुम्ही बोललात, आणि ते सोपं नव्हतं, हे मी मानते. म्हणून शुक्रवारी आले. रूपासाठी तर मी पहिल्या दिवशीच सही केली असती, अण्णा. ते तिला सांगा. माझ्या हट्टापायी ती कृष्णाबाईंकडे नोकरी विचारायला गेली, हे मला तुमच्या पत्रातून कळलं, आणि त्यासाठी मी तिची बँकेबाहेर माफी मागितली.

आता दुसरं. हे मला शुक्रवारीच कळलं.

बस येईपर्यंत रूपा माझ्याबरोबर स्टॉपवर उभी होती. म्हणाली, ‘अक्का, एक विचारू? तू वेणुभावजींबरोबर पळून गेलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? मी कोणाला सांगितलं नसतं.’

मी तिला विचारलं, कोण म्हणतं मी पळून गेले. आई म्हणते, म्हणाली. सगळेच म्हणतात.

अण्णा, मी मे १९९० मध्ये घर सोडलं. आई हुबळीला मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, रूपाही तिच्याबरोबर होती. मेळाव्याच्या पाकिटांवर पत्ते लिहिण्यासाठी तुम्ही मला निधीची पेटी उघडून दिली होती, त्यात ते पुस्तक होतं. मी ते दोनदा वाचलं. सगळे नियम, शेवटच्या पानापर्यंत. मग तुमच्या चष्म्याच्या घराखाली चिठ्ठी ठेवली. ‘पुस्तक वाचलं. असा नियम नाही. मी इथं राहू शकत नाही. आईला खरं सांगा.’ आणि टायपिंगच्या क्लासमधल्या मैत्रिणीच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी मला कंपनीत लावलं.

ती चिठ्ठी तुम्हाला मिळाली होती. नाहीतर माझ्या पहिल्याच कार्डानं तुमची तशी तारांबळ उडाली नसती. तुमच्या पाच पत्रांत तिचा उल्लेख नाही.

वेणुगोपाल मला १९९२ च्या दिवाळीनंतर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भेटले. घर सोडून अडीच वर्षं झाली होती. ९३ मध्ये लग्न केलं आणि तुम्हाला पत्रिका पाठवली. त्या पत्रिकेनं तुमचं खोटं खरं करून दिलं, नाही का? आई हुबळीहून आली तेव्हा, रूपा म्हणते, तुम्ही तिला सांगितलंत, पोरगी कारखान्यातल्या कोणाबरोबर गेली. तेव्हा मी कारखान्याचं दारही पाहिलं नव्हतं.

मला इतकी वर्षं वाटत होतं की आईला सगळं माहीत आहे आणि तरी तिनं एक ओळ लिहिली नाही. मी आईवर रागावले होते. ती तिकडे मान खाली घालून जगत होती. बाजारात कोणी माझं नाव काढलं की ती रस्ता ओलांडते, असं रूपा म्हणाली. आणि मी इकडे तिच्या पत्राची वाट बघायचंही सोडून दिलं होतं. टाळ्यांसाठी तुम्ही माझं शिक्षण घेतलंत ते एक वेळ मी सोडून देईन. आई घेतलीत, ते सोडता येत नाही.

समितीपुढे बोलायची आता गरज नाही. इतिवृत्त नको, पुस्तक नको. एका माणसाला सांगायचं आहे.

रूपाचं कॉलेज पाच ऑगस्टला, सोमवारी सुरू होतं. मी त्या दिवशी दुसरी पाळी मागून घेतली आहे. सकाळी साडेसातला तिला न्यायला येईन. तुमच्याकडे बारा दिवस आहेत. तेवढ्यात आईला सांगा, सगळं, चिठ्ठीसकट. मी फाटकाबाहेर उभी राहीन. तुम्ही ‘आत ये’ म्हणू नका. म्हणायचं असेल तर आईला म्हणू द्या. ती बाहेर आली नाही, तर मी रूपाला घेऊन बसस्टॉपवर जाईन, आणि तुम्ही तिला सांगितलं नाही असं समजेन.

शिल्पा